फळी

आटपाट नगर म्हणजे कुठे? विहंग विचारतो.
मी म्हणतो, भांडुप. टेंभीपाडा. चढावरचं तिसरं दुकान.
मान खाली.

खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी,
फळीवर तो, गळ्यापासून खाली पांढरं कापड,
नुसतं डोकं उरलेलं.
आई गिरणीवर गेलीय दळण आणायला.
तेवढ्या वेळात एक कटिंग आणि एक कहाणी.

तर राजाला होती शिंगं.
मुकुटाखाली दोन, कोवळ्या वांग्याएवढी.
वाड्यात कुणाला ठाऊक नाही, राणीलाही नाही.
पण केस काय, राजाचेही वाढतात.
म्हणून बोलावला न्हावी.
आपल्यातलाच.
माझा बाप सांगायचा तेव्हा तो कोरेगावचा असायचा.
राजा म्हणाला, बोललास तर मुंडकं उडवीन.
न्हावी म्हणाला, मान खाली, महाराज.

विहंग हसतो. कात्री थांबते कानाशी.
हलू नकोस, कान जाईल.

मग न्हाव्याचं पोट लागलं फुगायला.
ओवा खाल्ला, हिंग लावला, पालथा झोपला,
पोटातली गोष्ट हलेना.
शेवटी गेला रानात,
झाडाच्या ढोलीत तोंड घातलं
आणि म्हणाला काय म्हणायचं ते.
पुढे झाड तोडलं, त्याची ढोलकी केली,
भर दरबारात थाप पडली तशी बोलली
राजाला शिंगं, राजाला शिंगं,
कुणी सांगितलं? न्हाव्यानं, न्हाव्यानं.
सगळं नगर हसलं, पण राजाला नाही,
न्हाव्याला.
अजून हसतं.

"तू सांगितलंयस कधी, कुणाचं?"
विहंग आरशातून विचारतो.
आठ वर्षांचं पोर.

एक माणूस यायचा. नाव नाही सांगणार.
त्या वर्षी खांबाखांबावर त्याचा फोटो होता,
हात जोडलेला, दाट केसांचा.
यायचा रात्री अकरानंतर, शटर अर्धं खाली ओढून,
वाकून आत. डोक्यावर काळी टोपी.
परळला औषध चालू होतं.
कंगवा लावला की केस कंगव्यासोबत यायचे,
न दुखता, मुळासकट.
मी शिंगं शोधली, खरं सांगतो.
एवढी माणसं भितात ह्याला, काहीतरी असेल.
नव्हतं काही. टाळूच्या मागे जुनी खोक,
लहानपणी पडला असेल कुठल्या झाडावरून.
तिथे बोट लागलं की डोळे मिटायचा.
एके रात्री म्हणाला, सगळंच काढ,
आणि खुर्ची फिरवून आरशाकडे पाठ केली.

घरी बायकोलासुद्धा नाही बोललो.
दुकानासमोर भेंडीचं झाड होतं,
सकाळी पिवळी फुलं, संध्याकाळी तांबडी.
त्याला सांगितलं.
पहाटे दारात पाणी शिंपडताना, एकदाच, हळू.

मग रस्ता रुंद करायचा ठरला.
झाडाच्या अंगावर लाल आकडा, एकशे बारा.
खांबांवर तोवर फोटो दुसऱ्याचे.
करवतवाल्यांना चहा पाजला
आणि एक तुकडा मागून घेतला,
दोन हात लांब, वीतभर रुंद.
रंधा मीच मारला.

हे काही मी विहंगला सांगत नाही.
"कुणाचं नाही," म्हणतो,
मानेवर पावडर मारतो, कापड झटकतो,
ही साता उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी...
"थांब," तो म्हणतो.
खाली उतरतो, खुर्चीपुढे गुडघे टेकतो
आणि फळीला कान लावतो.

रिक्षा गेली. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.
पिठाचा डबा कमरेवर घेऊन आई दारात,
चल रे, उशीर झालाय.

काय म्हणते? मी विचारतो. सहज विचारल्यासारखं.

तो माझ्याकडे बघतो, आईकडे बघतो,
ओठ आत ओढून घेतो.

उतारावरून जाताना दिसला मला.
आईचं बोट धरलं नव्हतं त्यानं.
दोन्ही हात पोटावर.